व्हॅनमधला आठवा

लॉरी यायला अजून तासभर तरी लागेल. मोठ्या रस्त्यावर कुणीतरी गाडी खड्ड्यात घातलीय म्हणे. तेव्हा कीरन, तो लोडर बंद कर, डिझेल काय फुकट येतं? आणि इकडे शेडमध्ये या दोघेही. दारियुस, फ्लास्कमधला चहा ओत. फोन खिशात. ज्याच्या तोंडावर तो निळा उजेड दिसेल त्याला मी एक अक्षर सांगणार नाही.

काल हा कीरन हसत होता मला. म्हणे, वॉल्टर काका, तुम्ही एवढे दांडगे, आणि अंधार पडला की त्या फाटकापलीकडे एकटे का जात नाही? हस बाबा. मीही हसायचो. चाळीस वर्षं या काँक्रीटवर साखरेच्या बीटाचे ढीग लावले, इथे विमानतळ होता हे आठवायचंही नाही कधी. धावपट्टी म्हणजे आपल्याला काय, ढीग लावायला बरी सपाट जागा.

मी सांगतोय ते माझ्यावर गुदरलेलं नाही. क्लाइव्ह हॅलमवर गुदरलं. क्लाइव्हला ओळखता ना, दगडावर अक्षरं कोरतो तो? तुझ्या आजीच्या कबरीवरचा दगड त्यानेच कोरला, कीरन. एकसष्ट वर्षांचा माणूस, रविवारी चर्चमध्ये घंटा वाजवतो, आणि पबमध्ये दोन ग्लासांच्या वर तिसरा घेताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. थापा मारणारा माणूसच नव्हे तो. त्याने मला हे पबमध्ये, डोमिनोचा डाव अर्धवट टाकून सांगितलं.

आता आधी तो दगड. फाटकापासून आत दीड मैलावर, कडेच्या रस्त्याच्या टोकाला जो काळा दगड उभा आहे, तो. युद्धात इथे मोठी विमानं चालवायला शिकवायचे. पोरं यायची, कॅनडाची, ऑस्ट्रेलियाची, ग्लासगोची, कुठकुठची. वय एकोणीस, वीस, तुमच्याएवढी. त्यांना थकलेली, लढाईतून बाद झालेली स्टर्लिंग विमानं द्यायचे आणि म्हणायचे, शिका. एका विमानात सात जण. नऊ विमानं पडली. शत्रूचं तोंडसुद्धा न बघता त्रेसष्ट पोरं गेली. आणि लढाईत मेली नाहीत म्हणून ऐंशी वर्षं त्यांच्यासाठी कुणी एक वीट उभी केली नाही. लाज वाटायला हवी होती आपल्याला. वाटली, पण उशिरा.

मग समिती झाली. अध्यक्ष मिस्टर प्रायर, आपल्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. पैसे जमले, दगड आला, आणि क्लाइव्हने चार महिने खपून त्रेसष्ट नावं कोरली. कोरता कोरता त्याला ती तोंडपाठच झाली. झोपेतून उठवलं तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणेल.

पण एक चौसष्टावं नाव होतं.

एनिड टेबट. ब्याण्णव वर्षांची म्हातारी. लग्न केलं नाही, आयुष्य पोस्टात गेलं, हल्ली वृद्धाश्रमात असते. तिचा भाऊ सिरिल इथे विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा. एकोणीस वर्षांचा. घर नऊ मैलांवर, म्हणून दर रविवारी सायकलने जेवायला जायचा. चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत एका रविवारी बहिणीच्या कानात सांगून गेला, कुणाला बोलू नकोस, पण ती पोरं मला एकदा वर घेऊन जाणार आहेत. त्याने शंभर इंजिनं उघडली होती, पण जमिनीवरून पाय कधी सुटला नव्हता त्याचा. हौस होती बिचाऱ्याला. असं चोरून नेणं तेव्हा चालायचं. उड्डाणाच्या पत्रकावर नाव नाही, कुणाला पत्ता नाही, तासाभरात परत.

मंगळवारी ते विमान पडलं. अशी आग लागली की माणसं मोजायला काही उरलंच नाही. पत्रकावर सात नावं होती, सात पेट्या पुरल्या.

आणि बुधवारी सकाळी हजेरीला सिरिल टेबट नाही. पळून गेला, असं लिहिलं गेलं. पोलीस सहा आठवडे त्याच्या घराच्या खेपा घालत होते. गवताच्या गंजीत काटे खुपसून बघितलं. एनिड अकरा वर्षांची. तिने बापाला सांगितलं, बाबा, तो विमानात होता. बापाने मुस्काटात मारली. म्हणाला, भित्रा तो भित्रा आणि वर बहीण खोटारडी. त्यानंतर त्या घरात सिरिलचं नाव निघालं नाही. फोटोसुद्धा जाळला बापाने.

ऐंशी वर्षं ती म्हातारी भित्र्याची बहीण म्हणून जगली रे.

ती क्लाइव्हकडे तीनदा आली. भाची जॅनिस चाकाची खुर्ची ढकलत घेऊन यायची. तिसऱ्यांदा ती स्पष्टच म्हणाली, "हे बघ क्लाइव्ह, मला फार दिवस नाहीत. डॉक्टर गोड बोलायला लागले की माणसाने ओळखावं. त्या शेवटच्या सात नावांखाली, त्याच्या विमानातल्या पोरांखाली, जागा आहे का, एवढंच सांग."

जागा होती. तळाशी चार बोटं जागा होती.

"मिस टेबट, काही कागद आहे का? एखादं पत्र? कुणा सोबत्याने लिहिलेलं?"

"कागद असता तर तुझे पाय धरायला आले असते का मी?"

क्लाइव्ह मऊ माणूस. पण तरुणपणी त्याने एका दगडावर चुकीचं नाव कोरलं होतं, नवऱ्याच्या जागी दिराचं. ती बाई दफनभूमीतच कोसळली होती. तेव्हापासून त्याचा एकच नेम. कागदावर नाही ते दगडावर नाही. तो तिला तेच म्हणाला. समितीचाही तोच नियम होता, प्रायरसाहेबांनी लिहूनच ठेवलेला.

एनिड रडली नाही. "बरं," म्हणाली. "मग मी वर जाऊनच सांगते त्याला, की नाही जमलं." आणि जॅनिसला म्हणाली, चल.

आता रात्र सांगतो. गेल्या वर्षीची आठ नोव्हेंबर, शुक्रवार. रविवारी अनावरण होतं. दगड गुरुवारी उभा केलेला, तळाचा चुना अजून ओला. आणि शुक्रवारी संध्याकाळी आभाळ असं लख्ख झालं की म्हटलं आज मरणाची थंडी पडणार. ओल्या चुन्यात दंव गोठलं की चुना फुटतो, दगड हलतो. तुम्हाला नाही कळायचं, पण गवंड्याला झोप लागत नाही अशा रात्री. क्लाइव्हने चार जुनी घोंगडी घेतली, बायकोला म्हणाला, अर्ध्या तासात आलो, आणि व्हॅन काढली. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

फाटकापाशी उतरला. कुलूप काढलं, व्हॅन आत घेतली, पुन्हा उतरून फाटक लावलं. शेतकऱ्याचं फाटक उघडं टाकायचं नाही, हे इथे पोराला चालायच्या आधी शिकवतात. वारा अजिबात नव्हता. काँक्रीट पांढरंफेक पडलेलं. कुठे कुत्रं नाही, घुबड नाही, काही नाही. क्लाइव्ह येऊन बसला. दार ओढून घेतलं. चावीला हात घातला.

तेवढ्यात मागच्या दाराची मूठ फिरली.

त्याला वाटलं, पबमधली टवाळ पोरं असतील. "कोण आहे रे?" म्हणाला. दार उघडल्याचा आवाज आला आणि मागून गार हवा आत आली. मग व्हॅन मागच्या अंगाला खाली बसली. एखादा माणूस पाय ठेवून चढला की बसते ना, तशी. स्प्रिंग कुरकुरली.

त्याने आरशात बघितलं. मागे जाळी आहे, तिच्यापलीकडे हत्यारांची पेटी आणि घोंगडी. आतला दिवा लागलेला. आत कुणी नाही.

व्हॅन पुन्हा खाली बसली.

पुन्हा.

क्लाइव्हचा हात चावीवर, पण बोटं वळेनात. तो मोजत गेला. दगडावर काम करणारा माणूस सारखा मोजतच असतो, सवयच ती... चार. पाच. सहावा जरा जड होता, व्हॅन डाव्या अंगाला कलली. सात.

मग थांबलं.

तो वाट बघत राहिला, दार लागायची. दार लागेना. मग लांबून, काँक्रीटवरून, धावत येणाऱ्या बुटांचा आवाज आला. एकाच माणसाचा. घाईघाईने. उशीर झालेल्या माणसाचा.

व्हॅन आठव्यांदा खाली बसली.

दार लागलं.

काय म्हणालास, कीरन? स्प्रिंग जुनी असेल? अरे, मीही तेच म्हटलं त्याला. तो म्हणाला, वॉल्टर, व्हॅनच्या मागच्या पत्र्यावर दोनदा थाप पडली. आतून. धप, धप. आपण ढीग भरून झाला की लॉरीवाल्याला देतो ना, तश्शीच. चल, निघ.

आणि तो निघाला. उतरून पळालास का नाही, म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, आठ माणसांना गाडीत टाकून कसा पळू? घाबरलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा. पाचावर धारण बसलेली आणि हा प्रवाशांची काळजी करतोय.

दीड मैल. पहिल्या गिअरमध्ये. व्हॅन इतकी जड की वळणावर मागची चाकं घासत होती. मागे कुणी बोलत नव्हतं. पण श्वास ऐकू येत होते. बऱ्याच जणांचे... आणि समोरच्या काचेवर आतून वाफ धरायला लागली. आतून. एकट्याच्या श्वासाने एवढी धरत नाही.

रस्त्याच्या टोकाला त्याने गाडी उभी केली. दिव्यांच्या उजेडात दगड. ताडपत्री घातलेला.

कुणी उतरेना.

एक मिनिट गेलं. दोन. मग काही सुचेना म्हणून त्याने डोळे मिटले आणि तोंडपाठ होतं ते म्हणायला लागला. नावं. पहिल्यापासून. प्रार्थना म्हणतात तशी, पुटपुटत. दहा झाली, वीस झाली. मागे हालचाल नाही. चाळीस. पन्नास. पंचावन्न. छप्पन्न... काही नाही.

"पेनरोझ," तो म्हणाला. सत्तावन्नावं.

व्हॅन वर उचलली गेली. इतकीशी.

त्याने डोळे उघडले.

"मॅकआयव्हर."

पुन्हा उचलली गेली. स्प्रिंग कुरकुरली.

"हार्गेस्ट... ऑगिल्व्ही... टर्व्ही..." एकेक नाव, एकेक माणूस उतरत होता. "ल्युकस." डावं अंग हलकं झालं. "क्रॉली."

त्रेसष्ट संपली. यादी संपली.

व्हॅन अजून खाली होती.

अंधारात कुणीतरी बसलं होतं. एक जण. जाळीच्या अगदी जवळ.

आता क्लाइव्हला कळलं. कुठलं विमान. कोण. तसं ते त्याला छप्पन्न ते सत्तावन्नच्या मधेच कळलं होतं, पण माणूस स्वतःशीही लपवाछपवी करतो.

"माझ्याकडे... माझ्याकडे तुझं नाव नाही," तो म्हणाला.

जाळीतून त्याच्या मानेवर श्वास येत होता. गार नव्हता, वॉल्टर, असं म्हणाला तो मला. कोमट होता. जिवंत माणसाचा असतो तसा. ते जास्त भयंकर होतं.

"कागदावर नाही तुझं नाव. मी काय करू?"

बाहेर, दगडाच्या पलीकडे, अंधारात, बुटांची चुळबुळ. सात जण थांबलेत. कुणीतरी हलकेच शीळ घातली. ये ना लवकर, अशी.

आणि मागे, जाळीपाशी, तो रडायला लागला. दाबून. घरी जायला उशीर झालेलं पोर रडतं तसं...

क्लाइव्हला दोन मुलगे आहेत. तो म्हणतो, भीती कुठे गेली कळलंच नाही. असा हा पोर ऐंशी वर्षं दर रात्री गाडीत चढत असणार, आणि कुणी हाक मारत नाही म्हणून उतरता येत नसणार. आणि त्याचं नाव माहीत असलेली एकच बाई, तिला मी, मी क्लाइव्ह हॅलमने, तीनदा दारातून परत पाठवली.

"सिरिल," तो म्हणाला. मग मोठ्याने, जरबेने, हजेरी घेतात तसं, "सिरिल टेबट!"

...

व्हॅन वर आली.

मग बुटांचा आवाज. आठ जणांचा. काँक्रीटवरून दूर, दूर... आणि कुठेतरी एक इंजिन खोकलं, असं त्याला वाटलं. वाटलं असेल, तेवढं मी सोडून देतो.

तो उतरला. टॉर्च मारून बघितलं. पांढऱ्या दंवावर त्याच्या व्हॅनच्या चाकांचे दोन पट्टे होते, बस्स. दुसरा कसला माग नाही. त्याने चुन्याला घोंगडी गुंडाळली. कामाचा माणूस, आधी काम. मग बायकोला फोन केला, म्हणाला, मला उशीर होईल, काळजी करू नकोस, आणि हो, मी शुद्धीत आहे. हत्यारांची पेटी काढली, ताडपत्री वर केली, व्हॅनचे दिवे दगडावर धरले आणि गुडघे टेकून बसला. तळाशी चार बोटं जागा होती. कागद नव्हता, खडूने आखून घेतलं नव्हतं, समितीची परवानगी नव्हती. पहाटे पाचला शेवटचं अक्षर झालं. म्हणाला, आयुष्यात इतकी सरळ ओळ कधी आली नाही.

रविवारी सगळं गाव होतं तिथे. मीही होतो, झेंडा धरून. कडाक्याची थंडी, सगळ्यांची नाकं लाल. एनिडला जॅनिसने आणलं होतं. ती यायला तयारच नव्हती म्हणे, जॅनिसने जबरदस्तीने घोंगडीत गुंडाळून आणली. खुर्ची दगडाला लागूनच उभी केली, उजव्या हाताला जॅनिस, डाव्या हाताला दगड आणि त्यापलीकडे नुसतं बीटाचं शेत.

प्रायरसाहेबांनी ताडपत्री ओढली. वाचत वाचत खाली आले. आणि चेहरा असा उतरला त्यांचा!

"हॅलम, हे काय आहे?"

"नाव आहे, साहेब."

"ते मला दिसतंय. कागद कुठाय?"

"कागद नाही," क्लाइव्ह म्हणाला. "मी जबाबदार. दगड फोडायचा तर फोडा. पण आधी मला फोडावं लागेल."

प्रायर काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांची नजर एनिडकडे गेली. ती वाचत होती. ओठ हलवत, लहान मुलं वाचतात तशी. सिरिल टेबट. पुन्हा वाचलं. पुन्हा. प्रायरनी तोंड मिटलं. मुख्याध्यापक असले तरी माणूस वाईट नाही.

अकरा वाजले. दोन मिनिटांची शांतता. सगळ्यांच्या माना खाली. मी झेंडा खाली केला, डोळे मिटले. कुणी जागचं हललं नाही, हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन. गोठलेल्या गवतावर उंदीर चालला तरी ऐकू आलं असतं.

बिगूल वाजला. जॅनिस एनिडची घोंगडी नीट करायला वाकली, आणि म्हणाली, "अगं, हे काय लागलंय तुझ्या गालाला?"

डाव्या गालावर. अंगठ्याचा ठसा. काळा, तेलकट, रुंद. गाल चिमटीत धरून ओढल्यासारखा, एका बाजूला जरा घासलेला. जॅनिसने रुमाल काढला, थुंकीने ओला केला. एनिडने तिचं मनगट पकडलं. एवढं बळ कुठून आलं त्या म्हातारीत कोण जाणे.

"हात लावू नकोस."

"अगं पण मावशी..."

एनिड तिच्याकडे बघतच नव्हती. ती डावीकडे बघत होती, शेताकडे, जिथे कुणी नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर राग, अकरा वर्षांच्या पोरीचा असतो तसा लटका राग.

"आईने किती वेळा सांगितलंय तुला," ती म्हणाली, "जेवायला येताना आधी हात धू म्हणून?"

मी दोन हात अंतरावर उभा होतो. इंजिनाच्या तेलाचा वास येत होता. आणि तो ठसा ओला होता.